सहाशे चाळीस फाइलींमधला 'स'

३ फेब्रुवारी, सोमवार

विभागात कामाची नोंदवही वेगळी आहे. तिच्यात काय केलं एवढंच लिहायचं असतं. का केलं, आणि करताना कोणावर चिडलो, हे लिहायला ही वही. नातीच्या शाळेची आहे. पहिल्या चार पानांवर बेरजा आहेत, त्यातल्या दोन चुकल्यात. असू देत.

आज बाईंनी बोलावलं. बाई म्हणजे आमच्या उच्चार-संशोधन विभागाच्या प्रमुख. म्हणाल्या, "कोपऱ्यातली खोली या महिन्यात रिकामी करायची आहे. ते जुनं धूड भांडारात जाईल. त्याच्या पोटात काय आहे ते आधी बाहेर काढा."

धूड म्हणजे आमचा जुना संगणक. पोटात काय आहे हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही, कारण अठ्ठावीस वर्षांपूर्वी ते मीच भरलंय. चार ते सहा वर्षांच्या मुलांना एकेक चित्र दाखवायचं, मुलानं शब्द म्हणायचा, मी ध्वनिमुद्रण करायचं. ससा, शिडी, सायकल, शिंग. एका मुलाची एक फाइल, अशा सहाशे चाळीस. पण त्या ज्या साच्यात ठेवल्यात तो त्या काळच्या संशोधकांनी फक्त संशोधकांसाठी काढलेला. आजचे प्रोग्राम त्या फाइलींकडे बघून मान फिरवतात. त्यांना सगळीकडे वाजेल अशा साध्या साच्यात आणायचं, हे माझं काम.

घाई पीएचडीला आहे. पीएचडी म्हणजे आमची संशोधक मुलगी. पदवी अजून मिळायची आहे, पण नाव आधीच पडलंय. लहान मुलं 'स' आणि 'श' म्हणायला कशी शिकतात हा तिचा विषय, आणि वीस मार्चला तिचं सगळ्यांसमोर सादरीकरण.

"काका, एक 'स'सुद्धा हरवता कामा नये हं," म्हणाली.

मी नुसता हसलो. मला इथे कानसेन म्हणतात ते उगाच नाही. एके काळी बंद दाराबाहेर उभं राहून सांगायचो, आत कुठल्या टेपरेकॉर्डरचा पट्टा ढिला झालाय.

५ फेब्रुवारी, बुधवार

प्रोग्राम लिहिला. पहिली फाइल वाजवली आणि पीएचडी खुर्चीवरून उडाली. पत्र्याचा डबा भरून खिळे जिन्यावरून सांडावेत तसा आवाज. दोष लगेच सापडला. आवाजाचा प्रत्येक नमुना दोन बाइटांचा असतो. धूड मोठा बाइट आधी लिहायचं, आजची यंत्रं छोटा आधी मागतात. उलटा वाचला की मुलाचे खिळे होतात.

क्रम सरळ केला. दुसऱ्यांदा वाजवली तर पाच वर्षांची मुलगी खारीसारखी चिरचिरली. वेग दुप्पट धरला होता. तोही सुधारला. तिसऱ्यांदा एक मूल खोलीत येऊन स्वच्छ म्हणालं, "हत्ती!"

पीएचडीनं टाळ्या वाजवल्या. सत्तावन्नाव्या वर्षी मला टाळ्या आवडतात असं दिसतंय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आनंद एक दिवस टिकला. फाइलींमध्ये 'स' नाही.

'हत्ती' आहे, 'माकड' आहे, 'आंबा' आहे. 'ससा' वाजवला की ऐकू येतं 'अआ'. 'शिडी' वाजवली की 'इडी'. दहा मुलं तपासली, दहाही तशीच. माझा प्रोग्राम कुठेतरी बारीक आवाज गिळतोय.

गंमत अशी की जुन्या साच्यात प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर साध्या अक्षरांत एक पाटी असते. सेकंदाला नमुने किती, बाइटांचा क्रम कुठला, मुलाचं वय काय, आणि शेवटी मुद्रण करणाऱ्याचा शेरा. म्हणजे माझाच. या दहापैकी सात पाट्यांवर मी लिहून ठेवलंय, 'स स्पष्ट'. म्हणजे तेव्हा होता आणि आता नाही. गेला कुठे?

पीएचडीला 'थोडी गडबड आहे' एवढंच म्हटलं. ती म्हणाली, "आवाजाचं चित्र काढून बघा ना काका. कुठल्या पट्टीत काय आहे ते लगेच दिसेल."

मी म्हटलं, "चित्रं कान नसलेल्यांसाठी असतात."

११ फेब्रुवारी, मंगळवार

प्रोग्राम चार वेळा नव्यानं लिहिला. 'स' परतत नाही.

घरीही शांतता नाही. मुलगी आठला येणार म्हणून मी पावणेआठला दुधाला बाहेर पडलो, तर ती सातपासून घंटा वाजवत दाराबाहेर उभी. ही देवळातून परतली तीही त्याच वेळी. ही माझ्याकडे बघतेय, मी हिच्याकडे. (ही म्हणजे माझी बायको. तीस वर्षं शाळेत शिकवून आता घरी आहे.) दोघींचं म्हणणं, मुलीनं फोनवर सातच सांगितलं होतं. मी वाद घातला नाही. सकाळी हिनं पाणी मागितलं म्हणून तांब्याभर नेऊन दिलं, तर म्हणते फणी मागितली होती. तीस वर्षं वर्गात ओरडून घसा बसला असावा. हल्ली पुटपुटतेच. तिला म्हटलं, एकदा घसा दाखव कोणाला तरी.

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. पटलं असावं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

तोडगा निघाला! गिळलेला आवाज परत ओकायला लावायचा. रूपांतर होतानाच वरच्या पट्टीतले आवाज उचलून धरणारी एक पायरी प्रोग्राममध्ये घातली. थोडं उचलून भागेना. आणखी उचललं, मग आणखी. शेवटी 'ससा' म्हटल्यावर ससा ऐकू आला. दुपारभरात सहाशे चाळीस फाइली तयार.

ही डागडुजी पीएचडीला सांगितली नाही. भिंत रंगवणारा खिळ्याची भोकं बुजवतो, ती मालकाला मोजून दाखवत बसतो का?

नव्या संगणकावर जागा कमी होती, म्हणून तिथल्या मूळ प्रती पुसल्या. धुडात आहेतच. आणि धूड संध्याकाळी हातगाडीवरून भांडारात गेलं. कोपऱ्यातली खोली रिकामी. बाई खूश.

१५ फेब्रुवारी, शनिवार

नात आली होती. पाच वर्षांची आहे. खोलीतून ओरडत आली, "आजोबा, मोठ्ठा ताप!" मी तिला उचललं, गादीवर झोपवलं, काखेत थर्मामीटर लावला. ती हसून हसून लोळायला लागली. तिनं कागदावर मोठ्ठा साप काढला होता.

हसण्यावारी नेण्यासारखं नाही हे. मी तिला साप, साबण, समई म्हणायला लावलं. एकाही शब्दात 'स' नाही. आठवडाभर त्याच आवाजावर काम करतोय, माझ्या लक्षात येणार नाही तर कोणाच्या येणार? मुलीला म्हटलं, पोरीला उच्चार शिकवणाऱ्या बाईंकडे नेलं पाहिजे.

मुलगी म्हणाली, "बाबा, तिचे उच्चार चांगले आहेत."

मी म्हटलं, "आईला आपलं मूल चांगलंच ऐकू येतं."

तेवढ्यात ही म्हणाली, "नेऊ या. नक्की नेऊ या. मीच वेळ घेते, पण आजोबांनी बरोबर यायचं." तीस वर्षांत पहिल्यांदा हिला माझं एका फटक्यात पटलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पीएचडी गोंधळलीय आणि हरखलीय. म्हणते, या मुलांचा 'स' भलताच जोरकस आहे. "काका, चार वर्षांची मुलं आणि 'स' कुकरच्या शिट्टीसारखा! हेडफोन लावला की कान दुखतात. आजवर मोजलेल्या कुठल्याच मुलांशी जुळत नाही."

"आमच्या वेळची मुलं होती ती," मी म्हटलं.

बाईंनाही तिनं आकडे दाखवले. बाई म्हणाल्या, असं असेल तर हे नवीनच आहे. तिनं सादरीकरणाचा सारांश काल पाठवूनही दिला. मला जरा अवघडल्यासारखं झालं. पण नवीन सापडलं तर वाईट काय त्यात?

२२ फेब्रुवारी, शनिवार

उच्चारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. नात, मुलगी, ही आणि मी. भिंतीवर पुठ्ठ्याचा हत्ती, खाली छोट्या खुर्च्या. त्यातल्या एकीवर मीही बसलो. गुडघे हनुवटीला.

त्यांनी नातीला चित्रं दाखवली. नात भराभर बोलली. मी मध्येच म्हटलं, "बघा, 'स' खातेय की नाही?"

तज्ज्ञ बाईंनी हिच्याकडे पाहिलं, हिनं मुलीकडे, मुलीनं हत्तीकडे.

"आजोबा, आपण एक खेळ खेळू," तज्ज्ञ बाई म्हणाल्या. त्यांनी तोंडासमोर कागद धरला. "मी म्हणेन ते म्हणा."

मी म्हणालो, "ऊन."

कागदामागून पुन्हा काहीतरी.

"पाणी."

नात खिदळत ओरडली, "सून! फणी! आजोबा, सगळं चुकलं!" आता ती माझ्याकडे तोंड करून बोलत होती, तेव्हा मात्र मला बरोबर कळलं.

मग मला काचेच्या खोलीत बसवलं. कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला भराभर दाबलं. मग बराच वेळ काही येईना. मी हेडफोन काढून त्याची वायर तपासली, दार उघडून म्हटलं, "तुमचं यंत्र बंद पडलंय. जोडणी ढिली असेल, द्या, मी बघतो."

तज्ज्ञ बाई म्हणाल्या, "यंत्र चालू आहे, आजोबा. मघापासून वाजतंय."

आलेख दिला. डावीकडे, जाड आवाजांत, सगळं ठीक, मधून पुढे, बारीक आवाजांत, रेघ घसरगुंडीसारखी खाली. असे आलेख मी जन्मभर मायक्रोफोनचे काढले. असा आलेख आला की मी त्या मायक्रोफोनवर चिठ्ठी लावायचो, 'वापरू नये'.

येताना कोणी काही बोललं नाही. किंवा बोललं असेल.

२३ फेब्रुवारी, रविवार

हिच्यावर चिडलो. "तुला ठाऊक होतं तर सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं. चार वेळा सांगितलं."

"मग मी काय म्हणालो?"

"हो म्हणालात."

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सगळ्यांच्या आधी गेलो. चाचणीसाठी काढलेली एक फाइल, डागडुजीच्या आधीची, संगणकावर राहिली होती. तिचं चित्र काढलं. कान नसलेल्यांसाठी असतं ते.

'ससा' या शब्दापाशी वरच्या पट्टीत राखाडी ढग होते. दोन. एक पहिल्या 'स'चा, एक दुसऱ्या 'स'चा. मी वाजवत होतो आणि ढगाकडे बघत होतो. रेघ ढगावरून सरकत होती, आणि मला ऐकू येत होतं 'अआ'.

प्रोग्रामनं काही गिळलं नव्हतं. पहिल्याच दिवशी तो बरोबर होता. चूक होती ती माझ्या दुरुस्तीत.

मग दुरुस्त फाइलीचं चित्र काढलं. ढग कसले, डांबर ओतल्यासारखं काळं. आवाजाच्या लाटांची माथी छाटली गेलेली. यातून मूळ आवाज कोणालाही परत काढता येणार नाही. अशा सहाशे चाळीस. त्यावर त्या मुलीनं दोन वर्षांच्या कामाचा निष्कर्ष उभा केलाय.

तिला सांगायला तीनदा तिच्या टेबलापर्यंत गेलो. एकदा टाचणी मागितली, एकदा वेळ विचारली, तिसऱ्यांदा तीच म्हणाली, "काका, बरं आहे ना?" मी हो म्हटलं आणि घरी आलो. माझ्या 'हो'ला काही अर्थ नाही हे एव्हाना सिद्ध झालंय.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सांगितलं. बूट काढायच्या आधीच सांगितलं, नाहीतर पुन्हा टाचणी मागितली असती.

"तुझ्याकडचे 'स' मुलांचे नाहीत. माझे आहेत."

"म्हणजे?"

सगळं सांगितलं. आलेख पुढे ठेवला.

"किती फाइलींत?"

"सगळ्या."

ती बसली. "काका, मी सारांश पाठवलाय. बाईंनी तो बाहेरच्या दोन लोकांनाही दाखवला." मग आवाज चढला. मला स्वच्छ ऐकू येईल इतका चढला. "मला विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर तू ऐकून सांगितलं असतंस, सगळं ठीक आहे."

"मग बरंच झालं असतं की!"

"आणि मग ठीक नाही ते मीच, हे कळलं असतं."

ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मी जायला निघालो तेव्हा म्हणाली, "मूळ फाइली?"

"धुडात. आणि भांडारातल्या यंत्रांच्या डिस्क महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी पुसतात."

"आज मंगळवार आहे," ती म्हणाली, आणि पर्स उचलली.

भांडारपालाला आम्ही नियमपुस्तक म्हणतो. तो म्हणाला, "इथून वस्तू दोनच तऱ्हांनी बाहेर जाते. भंगारात, नाहीतर विभागप्रमुखांच्या सहीनं, आणि कागदावर कारण लिहून."

कारण लिहून! कागद घेतला, पेन घेतलं. 'तांत्रिक अडचण' लिहिलं आणि खोडलं. मग लिहिलं, 'मला ऐकू येत नसल्यामुळे मी फाइली बिघडवल्या.' एवढंच. पीएचडी खांद्यावरून वाचत होती. तिनं माझ्या हातून पेन घेतलं आणि 'ऐकू'च्या आधी 'नीट' घातलं.

बाईंनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा वाचला. सही केली. "सादरीकरणाच्या दिवशी हे तुम्ही स्वतः सांगायचं," म्हणाल्या.

२६ फेब्रुवारी, बुधवार

धूड तीन यंत्रांच्या खाली होतं. नियमपुस्तकानं नियमांत नसताना हात लावला. बटण दाबलं. पडदा काळाच. पूर्वी मी नुसत्या कानानं सांगितलं असतं डिस्क फिरतेय की नाही. मला फक्त पंख्याची घरघर ऐकू आली.

पीएचडीनं धुळीची पर्वा न करता पत्र्याला कान लावला. "फिरतेय, काका. बारीक शीळ येतेय. थांबा, बंद करू नका."

थांबलो. सात मिनिटांनी पडद्यावर हिरवी अक्षरं आली. नियमपुस्तक म्हणाला, "आलं का? मग इथे सही करा." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, धुळीचं असावं.

३ मार्च, सोमवार

सगळ्या फाइली पुन्हा केल्या, मूळ प्रती दोन ठिकाणी ठेवून. उचलाउचल नाही. साचा बदलायचा, आतला आवाज तस्साच. आता प्रश्न, बरोबर झालं हे ठरवायचं कोणी? माझ्या कानांवर माझा विश्वास नाही. तिच्या कानांवर आहे, पण सहाशे चाळीस फाइली ऐकायला तिला वेळ नाही.

"ऐकायचं कशाला?" ती म्हणाली. "मूळ आवाजातून नवा वजा करा. नमुन्यागणिक. काही उरलं तर चूक. शांतता उरली तर बरोबर."

म्हणजे कान लागतच नव्हते! एकतीस वर्षं ज्या कानांची ऐट मिरवली, त्यांना या कामात कोणी बोलावलंच नव्हतं.

वजाबाकी केली. सहाशे चाळीस वेळा शांतता. एकूण एक ऐकली मी. तिला म्हटलं, "ही परीक्षा मात्र पहिल्या फटक्यात पास झालो."

आठ दिवसांत ती पहिल्यांदा हसली. जोरात हसली असणार, कारण मला ऐकू आलं.

८ मार्च, शनिवार

यंत्रं बसवली. दोन्ही कानांत. तज्ज्ञ बाईंनी छोटी कळ दाबली आणि जग सळसळत्या कागदाचं झालं. बाहीचा कागद, पायाखाली कागद, हिच्या साडीचा कागद. रस्त्यावर सायकलच्या साखळीचा आवाज ऐकून मी बाजूला उडी मारली, ती सायकल पलीकडच्या पदपथाजवळून चालली होती.

घरी ही नेहमीसारखी बोलली आणि मी कान झाकले. "अगं, ओरडतेस काय?"

ती थांबली. मग एकदम हळू, अगदी लग्न नुकतं झालं होतं तेव्हासारखी म्हणाली, "चहा टाकू?"

"टाक," मी म्हटलं. आणि पाणी उकळताना ऐकायला तिच्या मागोमाग गेलो.

२० मार्च, गुरुवार

सादरीकरण झालं. खोली भरली होती. पीएचडीनं जुना सारांश आधी स्वतःच फाडला, मग नवे आकडे दाखवले. खरे आकडे. नवलाचे नाहीत असं आम्हाला वाटलं होतं, पण तिनं एक गोष्ट काढलीच. ऐंशीएक मुलं अशी की त्यांचा 'स' आणि 'श' ऐकणाऱ्याला अगदी सारखा वाटतो. आई-वडील म्हणतात, पोराला फरक येत नाही. पण मोजला तर फरक आहे, दर वेळी, तेवढाच. मूल आपल्या परीनं दोन वेगळे आवाज काढतंय. मोठ्यांच्या कानांना तो पकडता येत नाही, एवढंच.

"म्हणजे," ती म्हणाली, "काही वेळा बोलणाऱ्याची तपासणी करण्याआधी ऐकणाऱ्याची करावी." आणि माझ्याकडे हात केला.

मी उठलो. पाठ करून आणलेलं सगळं विसरलो. साधंच सांगितलं, काय झालं, का लपवलं, किती दिवस वाया घालवले. ताप आणि साप सांगितला तेव्हा लोक हसले. फाइलींचं सांगितलं तेव्हा हसले नाहीत, तेही बरंच झालं.

मग चहा झाला, लोक पांगले, मी तारा गुंडाळत होतो. बाई परत आत आल्या. दार लोटून घेतलं.

"त्या उच्चारतज्ज्ञ बाई," त्या म्हणाल्या, "फक्त मुलांनाच तपासतात का?"

"मला तपासलं की. का बरं?"

"माझ्या एका मैत्रिणीसाठी हवं होतं. तिला हल्ली बैठकीत मागच्या रांगेतलं ऐकू येत नाही. म्हणजे, असं ती म्हणते."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या हत्ती नसलेल्या भिंतीकडे बघत होत्या.

"मैत्रिणीला म्हणावं, दुखत काही नाही," मी म्हटलं. "खुर्च्या तेवढ्या छोट्या आहेत."

पत्ता तोंडी सांगितला नाही. कागदावर लिहून दिला, मोठ्या अक्षरात.